कुत्र्याचं पान

आमच्या घराच्या दाराशी दोन घागरी असायच्या. डावीकडची पाय धुवायची, तशी सगळ्यांच्याच घरी असते. उजवीकडची तोंडाची, आणि तीही सकाळी तोंड धुवायला नव्हे. घरात कुणाच्या तोंडून वाईट गेलं, म्हणजे शिवी नव्हे, शिव्या आमच्याकडे चालत होत्या, वाईट म्हणजे वंगाळ होईल असं काही, की त्यानं हातातलं काम टाकून उठायचं, उंबरा ओलांडायचा, त्या घागरीतलं पाणी तोंडात घेऊन खळखळून चूळ भरायची, आणि आत येऊन तीच गोष्ट चांगली करून सांगायची. "भाकरी करपली" म्हटलं की चूळ. "डोकं दुखतंय" म्हटलं की चूळ. "म्हस आज दूध देत न्हाय वाटतं" म्हटलं की चूळ, आणि मग म्हशीकडं बघून गोड आवाजात, "म्हस लई दूध देती." म्हशीला त्याचं काही नव्हतं. आमच्या सणसर गावात आम्हाला चुळीवाले म्हणायचे. माझ्या मैत्रिणी मुद्दाम दारात येऊन विचारायच्या, "यमे, तुझ्या आत्याला बरं हाय का गं?" आणि आत्या आतून ओरडायची, "कुठलं बरं, मेली कंबर..." की तिला उठावंच लागायचं. आम्ही पोरी पोट धरून हसायचो. आता ते आठवलं की मला हसू येतं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. दोन्ही एकाच घागरीतलं.

हे सगळं आलं कुठून, तर एका पुस्तकातून. आणि त्या पुस्तकाबद्दल मी आधी चांगलं सांगणार आहे, कारण ते खरं आहे. कालव्याच्या कडेला आमचा मळा होता. वांगी, मिरची, कोथिंबीर, बांधाला पेरू आणि लिंबं. कालव्याचं पाणी पाळीनं यायचं, मधल्या दिवसांत विहिरीवर मोट. माझे वडील, त्यांना आम्ही आणि सगळं गाव तात्याच म्हणे, एका सकाळी मोट हाकत असताना नाडा, म्हणजे मोटेचा दोर, तुटला आणि नाड्यावर बसलेले तात्या दगडावर आपटले. मांडी मोडली. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, दोन-अडीच महिन्यांनी सोडल्या आणि म्हणाला, "हाड जुळलंया. उठा, चाला." तात्या उठेनात. पाय टेकला की चेहरा पांढरा पडायचा. "मोडंल पुन्यांदा. मला कळतंय. मोडंलच." म्हणायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. आई आणि गडी मळा बघायचे. आईनं पदर खोचून मोट हाकली, तेव्हा गावात चर्चा झाली. मोटेच्या चाकाची कुरकुर ऐकू आली की तात्या कानावर उशी घ्यायचे. एवढा बाप्या माणूस, त्याला असं बघून आम्ही घरात पावलं न वाजवता चालायचो. आत्या, म्हणजे तात्यांची थोरली बहीण, विधवा होऊन आमच्याकडेच राहिलेली, ती मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. तात्या काही उठायचे नाहीत.

आमच्या पडवीतल्या खोलीत शाळेचे मास्तर राहायचे. कोकणातले, एकटे, भात खाणारे. त्यांनी एक दिवस ते पुस्तक आणून दिलं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली पाच पानंही गेलेली, त्यामुळं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, मास्तरांनाही नाही. इंग्रजीवरून मराठीत केलेलं असावं, कारण त्यातली माणसं सारखी टोपी काढून ठेवायची. तात्यांना अक्षर येत नव्हतं. आई-आत्याचा प्रश्नच नव्हता. घरात वाचणारी मी एकटी, मराठी तिसरीतली. म्हणून रोज सकाळी धार काढून झाली की मी तात्यांच्या उशाशी बसायची आणि वाचायची. "जो मनुष्य आपणांस पडलेला मानतो, त्यास उठविणारे हात या जगात नाहीत. जो आपणांस उभा मानतो, त्याचे पाय त्याच्या मनामागून चालत येतात." मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. तात्या पहिले दोन दिवस भिंतीकडं तोंड करूनच ऐकत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ते पायाचं पुन्ना वाच." मी वाचलं. "आजून एकदा." पंधरा-वीस दिवस असं चाललं. मग एका सकाळी मी वाचत असताना उशाशी काहीतरी खरखरलं, मान वर केली, तर तात्या खांबाला धरून उभे. घामानं निथळत होते. "माझा पाय माझ्यामागनं येतोय," ते म्हणाले, आणि खांब सोडून दारापर्यंत गेले. चुलीपाशी आई भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच राहिला. मग ती रडायला लागली. मीपण.

म्हणून आज माझा नातू आरशाला चिठ्ठ्या चिकटवतो, 'मी करू शकतो', 'आज माझा दिवस आहे', आणि घरातले त्याला हसतात, तेव्हा मी हसत नाही. मी एका वाक्यावर माणूस उभा राहिलेला बघितला आहे. औषधानं जे झालं नाही, मीठमिरचीनं झालं नाही, ते त्या फाटक्या पुस्तकानं केलं. माझी भीती वेगळी आहे. उभा राहिलेला माणूस तिथं थांबत नाही.

तात्या थांबले नाहीत. पुस्तकात एक प्रकरण होतं की जिभेवर आलेलं वाईट मनात मुळं धरतं. झालं, दाराशी घागर आली. तसं आपल्याकडं म्हणतातच, वास्तू तथास्तु म्हणते, शुभ बोल रे नाऱ्या. आईनं ते लगेच मानलं. पण आत्याचं आणि तात्यांचं वाजायला लागलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या, शेतकऱ्यानं आपला माल चांगला आलाय असं कधी बोलायचं नसतं. वांगी लगडलेली असली तरी बांधावरून कुणी विचारलं की सांगायचं, "कसलं काय, किडीनं खाल्लं." नाहीतर दृष्ट लागते. तात्या बारामतीच्या बाजारात गुरुवारी, भर मंडईत, ओरडून सांगायला लागले, "माजा मळा सोन्यावानी आलाय! असं वांगं तालुक्यात न्हाय!" आत्या तोंडावर पदर घेऊन म्हणायची, "शिवा, बास कर रं. लोकांचे डोळे लई वंगाळ असत्यात." तात्या म्हणायचे, "आक्के, चूळ भर." आणि खरं सांगायचं तर त्या वर्षी वांगी खरंच तशी आली. त्यामुळं तात्यांना वाटलं, जग पुस्तकाप्रमाणं चालतं.

आता कुत्र्याचं. उन्हाळ्यात रान मोकळं झालं की आमच्या रानात मेंढरं बसायची. बिरूमामा नावाचे धनगर दरवर्षी यायचे, पाच-सात दिवस त्यांची शेदीडशे मेंढरं रात्रीची आमच्या वावरात बसायची, लेंड्या-मुताचं खत पडायचं, त्याबदली त्यांना धान्य आणि दोन वेळच्या भाकरी. बिरूमामा उंच, कानात बाळी, बोलणं हळू. त्यांना पोरबाळ नव्हतं. माझ्यासाठी ते दरवर्षी काहीतरी आणायचे. एका वर्षी बाभळीच्या लाकडाची भिंगरी, एका वर्षी काळ्या लोकरीचा गोंडा. त्यांचं कुत्रं मोती, पिवळं, एका कानाला चिरा गेलेला. मोती माझ्या हातची भाकरी खायचा, पण आधी बिरूमामांकडं बघायचा, ते "घे" म्हणाले की मगच.

त्या साली मोती भाकरी घेईना. मी टाकलेला तुकडा त्याच्या पुढ्यात पडून राहिला. त्याचा खालचा जबडा लोंबत होता, लाळ गळत होती, आणि आवाज घोगरा. बिरूमामा म्हणाले, "हाडूक आडाकलंया ह्येच्या गळ्यात." आणि त्यांनी त्याला गुडघ्यात दाबून कोपरापर्यंत हात तोंडात घातला. धनगराला त्याची सवय असते, मेंढराच्या घशातले बाभळीचे काटे ते असेच काढतात. हाडूक काही सापडलं नाही. हात बाहेर काढला, तर मनगटावर दाताचा एक ओरखडा होता, मांजरानं ओढावा एवढा. त्यांनी तो मातीनं पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्यांच्या भाकरी घेऊन वावरात गेली. मोती मेंढरांच्या वाड्याच्या जाळीपाशी पडलेला होता, तो न भुंकता उठला आणि आईच्या पोटरीला चावला. चांगले चार दात रुतले. मग तो मागचे पाय ओढत पाटाच्या कडेनं गेला. पाटात पाणी वाहत होतं आणि एवढ्या उन्हाचं ते कुत्रं त्या पाण्याला तोंड लावत नव्हतं. हे मी बघितलं. दुपारपर्यंत ते एका लिंबाखाली मरून पडलं.

मला काय कळलं होतं ते सांगते. चावडीच्या भिंतीवर एक सरकारी कागद चिकटवलेला होता. गावात मोठ्या अक्षरात छापलेलं तेवढंच, म्हणून मास्तर आमचा वाचनाचा सराव त्याच्यावर घ्यायचे. आम्ही तो एका चालीत म्हणायचो. "पिसाळलेले कुत्रे चावल्यास जखम साबणाने धुवावी व रोग्यास विलंब न लावता पुण्यास सरकारी दवाखान्यात न्यावे. पोटात सुया टोचल्याने रोग्याचा बचाव होतो. पाण्याची भीती इत्यादी लक्षणे दिसू लागल्यावर उपाय नाही." ते शेवटचं 'उपाय नाही' आम्ही जोरात म्हणायचो, यमक असल्यासारखं. आता आईच्या पायातून रक्त येत होतं आणि माझ्या डोक्यात तीच चाल वाजत होती.

आईनं जखमेवर हळद-चुना बांधला. आत्यानं कपाळ बडवलं, "अगं बया, पिसाळल्यालं व्हतं त्ये! सात हिरींत डोकाव म्हणावं हिला, इख उतरंल, न्हायतर..." तात्या घरात कधी नव्हे ते मोठ्यानं ओरडले, "आक्के! बाहीर!" आत्या रडत रडत उठली आणि चूळ भरून आली. "आता बोल." आत्या भिंतीला टेकून म्हणाली, "कुत्रं उन्हानं चिडलं व्हतं. कायबी हुत न्हाय." तात्यांनी मान डोलावली. आईकडं वळून म्हणाले, "भ्याचं न्हाय. भीतीनंच रोग येतो. पुस्तकात हाय. म्हण, मला काय हुत न्हाय." आई म्हणाली. ती सगळं म्हणायची. भाकरी थापता थापता, उष्टी काढता काढता म्हणत राहिली, आणि तिचे ओठ सुकलेले होते. दर थोड्या वेळानं ती माठाकडं जाऊन वाटीभर पाणी प्यायची. तहान नव्हती तिला. पिता येतंय का ते बघत होती. ते बघून मला रडू फुटलं, आणि मी मळ्यात पळाले, कारण घरात रडलं तर चूळ.

मास्तर उन्हाळ्याच्या सुट्टीला कोकणात गेलेले. पाटलांना सांगावं तर तात्यांच्या पाठीमागं मी अकरा वर्षांची पोर काय बोलणार, आणि बोलले तरी पाटील तात्यांनाच बोलावून विचारणार. तात्यांना सरळ सांगायचं धाडस मी एकदा केलं. "तात्या, चावडीवर लिवलंय..." एवढंच निघालं. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि बोट दाराकडं केलं. मी गेले, चूळ भरली, पाणी कोमट होतं, आणि परत येऊन काय चांगलं सांगावं ते मला सुचेना. मी म्हटलं, "चावडी लई चांगली हाय." तात्या म्हणाले, "शाबास." माणूस वाईट नव्हता हो. आईवर त्यांचा जीव होता. ते भ्यालेलेच होते, माझ्याहून जास्त, आणि त्या भीतीवर त्यांच्याकडं एकच औषध होतं, जे त्यांना एकदा लागू पडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार झाली, तात्यांनी हाक मारली, "यमे, पुस्तक आन." मी बसले. पान उघडलं. त्या पानावर व्यापाऱ्यानं गिऱ्हाइकाशी हसून कसं बोलावं ते लिहिलेलं होतं. मी दोन ओळी वाचल्या. समोर आई तांदूळ निवडत होती, पोटरीवरची चिंधी पिवळी झालेली. आणि मी वाचायचं न थांबवता, त्याच सुरात, पुढं वाचलं, "ज्या मनुष्यास कुत्रे चावले असेल, त्याने मनात भीती न आणता, आनंदी चित्ताने, विलंब न लावता पुण्यास सरकारी दवाखान्यात जावे. पोटात सुया टोचल्याने त्याचा बचाव होतो."

आनंदी चित्ताने हे माझं. तेवढं नसतं तर तात्यांनी मानलं नसतं, हे मला त्या वयात कसं कळलं कोण जाणे.

तात्या म्हणाले, "पुस्तकात कुत्र्याचं बी हाय?"

"हाय की."

"कुठं? दाव."

मी बोट ठेवलं. ते पानावर गच्च दाबून धरलं. तात्यांनी वाकून त्या ओळीकडं बघितलं, बराच वेळ, नाक टेकेल इतकं जवळून. गिऱ्हाइकाच्या ओळीकडं. मग त्यांनी त्या पानाचा कोपरा स्वतःच्या हातानं दुमडला. "ह्ये आधी का न्हाय आलं?" "आज आलं की, तात्या. आज ह्येच पान व्हतं." ते उठले. "चला," म्हणाले. "गाडी जुपा. आनंदानं जायाचं, कळलं का? कुनी रडायचं न्हाय." आत्यानं तांदळाचं सूप उचललं. आई उठली आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिला काय वाटलं ते मला कधीच कळलं नाही.

बैलगाडीनं बारामती, तिथून रेल्वेनं दौंड आणि मग पुणं. गाडी जुंपून दारात उभी राहिली, आई आत चढली, भाकरीचं गठुडं चढलं, आणि तेवढ्यात बिरूमामा आले. त्यांची मेंढरं त्या दिवशी कळंबकडं हलायची होती. खाली मान घालून म्हणाले, "ताई, माज्या कुत्र्यानं केलं. मला तोंड दावाय जागा न्हाय." आई म्हणाली, "तुमचा काय गुन्हा वो त्यात." मग त्यांनी मनगट पुढं केलं. "तात्या, माजा बी हात त्येच्या तोंडात ग्येलता. चावला न्हाय, नुसता दात लागला. मी बी येऊ का संगं? मेंढरांकडं बायकू येकटी हाय, पर..."

तात्यांनी ओरखडा बघितला. खपली धरलेली होती. ते माझ्याकडं वळले. "यमे, चावल्याचं पुस्तकात हाय. दात लागल्याचं काय हाय का?"

माझ्या हातात पुस्तक होतं. तेच पान दुमडलेलं. गाडीवान कासरा धरून बसलेला, बारामतीची रेल्वे गाठायची घाई, ऊन वर आलेलं. मला वाटलं, मी आता परत पुस्तक उघडलं आणि तात्या परत वाकून बघायला लागले, तर ह्या खेपेला त्यांना कळेल. अक्षर न येणाऱ्यालाही कळेल. मग आईपण गाडीतून उतरेल. आणि चावडीवरच्या कागदातही 'चावल्यास' असंच होतं, दात लागल्याचं काही नव्हतं, हेही मी स्वतःला त्याच क्षणी सांगितलं. दोन्ही कारणं खरी आहेत. कुठलं आधी आलं ते मी साठ-पासष्ट वर्षं शोधते आहे.

मी म्हटलं, "न्हाय."

"मग झालं तर," तात्या आनंदानं म्हणाले. "बिरू, तू आपला मेंढराकडं जा. रोज म्हनायचं, मला काय हुत न्हाय. म्हन बघू." बिरूमामा म्हणाले. मग माझ्याकडं बघून हसले, कमरेच्या पिशवीतून काळ्या लोकरीचा एक गोफ काढला आणि माझ्या हातात दिला. "इसरलो व्हतो बग, पोरी." गाडी निघाली.

आई-तात्या पुण्याला होते ते पंधरा-सोळा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. आत्यानं घागरीला हात लावला नाही. दोघीच असताना ती पोटभर वाईट बोलायची आणि मला त्यानं बरं वाटायचं. "मरती का जगती कोन जाने," असं ती म्हणाली की मला निदान रडता यायचं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मी काय काय चिंतलं ते इथं लिहीत नाही. मग एके दिवशी आई परत आली. बेंबीभोवती सुजून लाल झालेलं, चालताना पोट धरून चालायची, पण पाणी गटागटा पीत होती. मी तिला दिवसातून दहादा पाणी नेऊन द्यायची. ती प्यायची. तात्यांनी पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलं. जून लागला, मास्तर आले, आणि तात्यांनी पहिल्याच दिवशी पुस्तक काढून दुमडलेलं पान त्यांच्यापुढं धरलं. "मास्तर, ह्यात कुत्र्याचं बी हाय, तुमी बोलला न्हाय कवा?" मास्तरांनी पान वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. मी खांबाआड. "असतं," मास्तर म्हणाले, "काही पुस्तकांत असतं," आणि पुस्तक मिटून तात्यांच्या हातात दिलं. मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मला वाटलं, सुटले.

त्यानंतर आठवडाभरात सकाळी एक गाडी आमच्या दारापुढं थांबली. बिरूमामांची बायको आणि तिचा भाऊ त्यांना बारामतीला नेत होते. बिरूमामा गाडीत बसलेले, घोंगडं डोक्यावरून घेतलेलं, वारा लागला तरी अंग आखडत होतं. चेहरा ओळखू येत नव्हता. बायको म्हणाली, "तीन दिस झालं, पानी जात न्हाय घशाखाली." तात्या धावत गेले. त्यांनी दारातलाच तांब्या उचलला, उजवीकडच्या घागरीतून भरला आणि गाडीपाशी नेला. "घे बिरू. हळू घे." बिरूमामांनी तांब्या बघितला आणि त्यांच्या गळ्यातून जो आवाज आला, तो माणसाचा नव्हता. हात झिडकारला गेला, पाणी तात्यांच्या अंगावर सांडलं. आणि मग, धाप लागलेली, डोळे तांबडे, ते म्हणायला लागले, "मला काय हुत न्हाय. मला काय हुत न्हाय, तात्या. मी रोज म्हनतो. येक दिस बी चुकलो न्हाय." ते तक्रार करत नव्हते. तात्यांनी सांगितलेलं काम आपण नेमानं केलंय, एवढंच दाखवत होते. बारामतीच्या अलीकडंच ते गेले.

तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी उजवीकडची घागर उचलली, मागं नेली आणि दगडावर आपटली. त्यानंतर आमच्या घरात भाकरी करपली की करपली म्हणता यायचं. पुस्तक मात्र त्यांनी देव्हाऱ्यातून काढलं नाही. कसं काढतील? त्याच पुस्तकानं आईला वाचवलं होतं. ते स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणायचे, "पुस्तकात नव्हतं. असतं तर म्या त्येला गाडीत घातला असता. नव्हतं ना गं, यमे?" "नव्हतं, तात्या." किती वेळा विचारलं असेल, आणि किती वेळा मी हेच सांगितलं असेल. मी पुढं शिकले, बारामतीला शाळेत शिक्षिका झाले, शेकडो पोरांना वाचायला शिकवलं. घरी गेले की हा एक प्रश्न आणि हे एक उत्तर.

आई गेली तिच्या वयानं, चांगली म्हातारी होऊन. तिच्यामागं दोन वर्षांनी तात्या पडले, पुन्हा तसेच, भिंतीकडं तोंड करून. ह्या खेपेला उठणार नव्हते, हे त्यांनाही कळत होतं आणि ते तसं बोलूनही दाखवायचे. एका सकाळी म्हणाले, "यमे, त्ये पुस्तक आन. कुत्र्याचं पान वाच."

पान तेच, कोपरा झिजून तुटायला आलेला. मी उशाशी बसले आणि गिऱ्हाइकाच्या त्या ओळींवर बोट ठेवून, त्याच जुन्या सुरात, पाठ असलेलं वाचलं. भीती न आणता, आनंदी चित्ताने, विलंब न लावता. बचाव होतो, इथपर्यंत आले. तिथं थांबायचं होतं. मी थांबले नाही. "तसेच ज्यास नुसता दात लागला असेल, त्यानेही जावे."

तात्यांनी मान वळवली. डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. रागावले नव्हते, त्यांच्या अंगात तेवढं त्राणही नव्हतं.

"ह्ये बी व्हतं व्हय त्यात?" ते म्हणाले. "मग तवा वाचायचं की गं, पोरी."